संकेश्वरच्या अलीकडे की पलीकडे

अण्णा, घरी भेटायला येणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो, 'कुठं गेले?' हॉस्पिटलात की घरी, एवढंच त्यांना हवं असतं. मी सांगते, गाडीत. माझ्याच गाडीत, माझ्या शेजारच्या सीटवर. मग माणसं जरा पुढे सरकून विचारतात, 'कुठं आल्यावर?' तेच मला माहीत नाही. बेळगावला परत यायला निपाणी सोडली तेव्हा तू बोलत होतास. बेळगाव जवळ आल्यावर, काकतीपाशी, तुझ्या खांद्याला हात लावला तेव्हा तू नव्हतास. मधल्या रस्त्यात कुठंतरी तू गेलास आणि सख्खी बहीण हातभर अंतरावर बसून गाडी चालवत राहिली.

डॉक्टर म्हणाले, तासाभरापूर्वी झालं असावं, थोडं मागंपुढंही असेल. त्यांचं काही चुकलं नाही. पण मला तास नकोय, मला गाव हवंय. तू वाटेतल्या संकेश्वरच्या अलीकडे गेलास की पलीकडे, एवढंच कुणीतरी मला सांगावं. का, ते तुला बरोबर कळेल. बाकीच्यांना आप्पांचा नियम माहीत नाही, त्यांना तो सांगावा लागेल.

आपले आप्पा कडोलीकडच्या आपल्या गावाहून बैलगाडीतनं भाजी घेऊन बेळगावला यायचे, आणि गाडीत आई आणि आपण दोघं. भांडणं व्हायचीच. आप्पांनी कायदा करून ठेवला होता की गाडीतलं भांडण पुढच्या गावाच्या वेशीपर्यंतच. वेस आली की संपलं. आणि पहिल्यांदा बोलायचं ते ज्यानं बोलणी खाल्लीत त्यानं, ते सुद्धा भांडणाबद्दल नाही, दुसरंच काहीतरी. 'ऊस बरा आलाय' असलं काहीतरी. म्हणजे ओरडणाऱ्याला माफी मागावी लागत नाही आणि ऐकणाऱ्यानं मनात ठेवलं नाही हे सगळ्यांना कळतं. पुढे बैलगाडी गेली, आप्पा गेले, हायवे गावांच्या डोक्यावरनं जायला लागला. तरी तू आणि मी तो नियम सोडला नाही. हिरव्या बोर्डावर गावाचं नाव दिसलं की ती वेस. सर्व्हिस रोडचा बोर्ड धरायचा की पुलावरचा, यावर एकदा आपण दोन गावं भांडलो होतो.

त्या दिवशी खरं तर तूच गाडी चालवली असतीस. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, महिनाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही अशी ताकीद, आणि डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा. घरात बसून तू वहिनींना वैताग आणला होतास. त्यात तुझ्या लेथवरच्या सोबत्याला, परशरामला, निपाणीत एक जुनी गाडी पसंत पडली. तू बघितल्याशिवाय घेणार कशी? उद्यमबागेत तुझ्या कारखान्यातला कुणीही, अण्णा हूं म्हटल्याशिवाय गाडी घेत नव्हता. रविवार होता, मला शाळा नव्हती. पहाटे तू फोन केलास, 'मंगल, ऊठ गं. इंजिन गार असताना पोचाय पायजे.'

पोचल्यावर तू बॉनेटला उलटा हात लावलास. ते कोमट होतं. गाडीचा मालक, तंबाखूच्या वखारीवाला भला माणूस, आपण यायच्या आधी दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवली होती त्यानं.

'मालक,' तू म्हणालास, 'पोरगी बघाय आलोय म्हणून पावडर लावून बसवलाय व्हय?'

त्याला हसावं की रागवावं कळेना. मग तू खाली वाकून ब्रेकच्या पेडलचं रबर बोटानं चाचपलंस, मीटर वाचलंस आणि परत रबर चाचपलंस. 'मीटर म्हणतंय थोडी पळालीया. रबर म्हणतंय लई पळालीया. मी रबराचं ऐकतो.' आतला गालिचा उचलून वास घेतलास. गाडीभोवती फिरलास, पण रंगाकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. रंग बघून गाडी घेणारा माणूस लग्नात जेवणाऐवजी मांडव बघतो, असं तुझं मत.

मतं तर तुझ्याकडे पोत्यानं होती, आणि ती कुणी मागायची वाट तू कधी बघितली नाहीस. सनरूफ म्हणजे चांगल्या छपराला भोक. हॉर्न हे माफी मागायचं यंत्र आहे, शिवी द्यायचं नाही. ब्रेक लावावा लागला म्हणजे आधी बघितलं नव्हतं याची कबुली. पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे किती वेळा लागतात ते मोजून तू तिच्या ड्रायव्हरला मार्क द्यायचास आणि बहुतेक नापास करायचास. नंबरप्लेटवरनं माणूस ओळखायचास, कोल्हापूरचा की आपल्या बेळगावचा. 'एमएच झीरो नाईनवाला ओव्हरटेक करून हसतोय. केए बावीसवाला ओव्हरटेक करून मागं बघतोय, कुणी वळखीचं तर न्हाय म्हणून.' आणि माझं सगळ्यात आवडतं, 'दुसरा गिअर हा गिअर न्हाय, सोभाव हाय.' याचा अर्थ मी तुला तीनदा विचारला. तिन्ही वेळा तू वेगळा सांगितलास.

मला गाडी तूच शिकवलीस. नवरा म्हणाला होता, क्लास लाव. तू म्हणालास, क्लासवाले परीक्षा पास करून देतात, गाडी चालवाय शिकवत नाहीत. नंदगडच्या रस्त्याला एका चढावर गाडी उभी करायला लावलीस, खाली उतरलास आणि मागच्या चाकाच्या मागे स्वतःचा जेवणाचा डबा ठेवलास. 'आता क्लच सोड. गाडी वीतभर जरी मागं आली तर आज मी उपाशी.' मी घामानं थबथबले होते. गाडी मागे आली. डब्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. तू चेपलेला डबा उचललास, कसाबसा उघडलास आणि म्हणालास, 'काय बिघडलं न्हाय. भाकरी आधीच चपटी हुती.' रस्त्याकडेला बसून आपण ती अर्धी अर्धी खाल्ली आणि त्यानंतर मी कधीही चढावर गाडी मागे जाऊ दिली नाही. वर्गात चाळीस पोरांसमोर उभं राहायचं धैर्य मला बीएडनं दिलं असं लोक समजतात. ते त्या चढावर मिळालं होतं. हे तुला सांगायचं राहिलं. तू डोक्यावर चढून बसला असतास, म्हणूनच सांगितलं नाही.

आणि अशा माणसाच्या बहिणीनं गेल्या वर्षी ऑटोमॅटिक घेतली. तू गाडीभोवती एक फेरी मारलीस, आत डोकावलास, क्लचची रिकामी जागा बघितलीस आणि म्हणालास, 'डाव्या पायाला पेन्शन दिलीस व्हय गं?' सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर प्रत्येक भेटीत डाव्या पायाची चौकशी. 'काय म्हणतोय पेन्शनर?' वर्षभर तेच.

अण्णा, माझा डावा गुडघा गेलाय. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, क्लचची गाडी बंद करा. तुला कळलं असतं तर तू एका शब्दानं चिडवलं नसतंस, उलट चार वेळा येऊन गाडी पुसून गेला असतास. पण मला तुझी कीव नको होती. मला तुझं 'बरी हाय' हवं होतं. गुडघा बाजूला ठेवून, निव्वळ गाडी बघून तू तिला बरी म्हणावंस, असा माझा हट्ट. म्हणून सांगितलं नाही. तूही मोठा साधू नव्हतास. त्या सकाळी निपाणीत मी पोहे खाल्ले आणि तू नुसता सोडा मागवलास. 'छातीत जळजळालंय, तुझ्या वैनीनं काल मिरच्या लई घातल्यात.' वहिनी म्हणतात, आदल्या दिवशी घरात साधा वरणभात होता.

परत येताना गाडीत आपण दोघंच. तवंदीचा घाट लागला. चढावर माझी गाडी जरा घुटमळली, गिअर बदलू की नको असं तिचं झालं. तुला तेवढंच पाहिजे होतं.

'बघ. माणसाला चढ लांबनं दिसतोय. हिला चढाय लागल्यावर कळतंय.'

'अण्णा, चालवू दे.'

'चालव की. तू कुठं चालवालीस, ती चालवालीया. तू नुसती बसलीस.'

आणि तू हात लांब करून गिअरचा दांडा ओढलास. मी चालवत असताना. इंजिन किंचाळलं, गाडीनं गचका खाल्ला, मागच्या ट्रकनं हॉर्नवर हात ठेवला. वर्षभराचं सगळं माझ्या तोंडात आलं.

'हात काढ! गाडी माझी हाय. लई झालं तुझं. बेळगाव येस्तोवर तोंड उघडू नको.'

तू हात मागे घेतलास. काळा चष्मा नीट केलास आणि खिडकीकडे तोंड फिरवलंस.

'बरं,' म्हणालास.

घाट संपला. मी गप्प, तू गप्प. माझा राग अजून उतरला नव्हता, पण संकेश्वरचा बोर्ड लांबून दिसला तेव्हा मी मुद्दाम वेग कमी केला. तुला नीट दिसावा म्हणून. आता तू म्हणशील, 'चहा घ्यायचा काय गं?' नाहीतर ऊस. नाहीतर पुढच्या कारचे लाल दिवे. बोर्ड डोक्यावरनं गेला, पूल संपला. तू बोलला नाहीस.

इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मला आधी नवल वाटलं आणि मग दुप्पट राग आला. आप्पांचा नियम मोडतो म्हणजे काय! बोलायची पाळी तुझी होती. मी बोलले असते तर ती माझी माफी झाली असती, आणि दांडा तू ओढला होतास. म्हणून मी बोलले नाही. बोलायचं तर सोडाच, मान वळवून बघितलंही नाही. उजवीकडचा आरसा बघत राहिले.

हत्तरगीच्या टोलनाक्यावर काचेवरचा टॅग वाचला जाईना, मीच तो वाकडा चिकटवलाय. एरवी अशा वेळी तू काच खाली करून त्या पोरांशी कन्नडमध्ये गप्पा हाणायचास, कुठल्या गावचा, कुणाचा कोण. त्या दिवशी मीच मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये निभावलं. नाक्यावरच्या माणसानं वाकून पलीकडे तुझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात मला विचारलं, 'मलग्यारेन्री?' झोपलेत काय? मी 'हूं' म्हटलं. त्या परक्या माणसानं तुझ्याकडे बघितलं, अण्णा. मी नाही.

यमकनमर्डी गेली. ती पण एक वेस होती. मग वंटमुरीचा उतार आला, आणि आता सांगते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तवंदीला तू जो दांडा ओढलास, तोच मी वंटमुरीला गुपचूप ओढला. गाडीला खालच्या गिअरमध्ये घेतलं आणि अख्खा उतार ब्रेकला पाय न लावता उतरवला. मऊ, एक गचका नाही. तुझंच खरं होतं हे मला तोंडानं कबूल करायचं नव्हतं, हातानं करायचं होतं. तुझ्या नजरेतनं ते सुटणार नाही याची मला खात्री होती. उतार संपला तेव्हा मी जवळजवळ हसत होते. आता म्हणेल, आता म्हणेल.

काकतीला मी हरले. 'अण्णा, बास की आता,' म्हणून खांद्याला हात लावला. बेल्ट होता म्हणून तू सरळ बसलेला होतास, चष्मा होता म्हणून डोळे दिसत नव्हते. पुढचं तुला सांगत नाही. मी गाडी कशी चालवली ते तू बघितलं असतंस तर नापास केलं असतंस.

आता तुला कळलं मी गाव का विचारते? संकेश्वरच्या अलीकडे गेला असशील, तर आपलं भांडण वेशीपर्यंत पोचलंच नाही, ते तसंच उघडं राहिलं. आणि पलीकडे गेला असशील, तर वेस ओलांडताना तू जिवंत होतास आणि तरी बोलला नाहीस. म्हणजे एक तर मी तुला इतकं दुखवलं की तू आप्पांना सुद्धा बाजूला ठेवलंस. नाहीतर, आणि हेच मला पहाटे उठवतं, तुझ्या छातीत कळ येत होती आणि मी बेळगावपर्यंत तोंड उघडू नको म्हटलं होतं म्हणून तू उघडलं नाहीस. आयुष्यात माझं एक ऐकलं नाहीस कधी. नेमकं हेच ऐकलंस का रे?

बारावं झाल्यावर मी गाडी परत काढली. शाळेत जावंच लागतं. स्टार्ट केली की पडद्यावर तुझा फोन शोधत असल्याचं येतं, कारण तूच हट्टानं तो जोडून ठेवला होतास. थोडा वेळ शोधते आणि मग सापडला नाही म्हणते. रोज. ते कसं काढायचं मला माहीत आहे, काढत नाही. तपासायच्या पेपरांची जड पिशवी मी माझ्या बाजूनंच, न बघता शेजारच्या सीटवर सरकवते, तर गाडी टिंग टिंग करून बोंबलते. तिला वाटतं कुणीतरी बसलंय आणि बेल्ट लावलेला नाही. पहिल्या दिवशी मी पिरनवाडीच्या फाट्यावर गाडी बाजूला घेऊन रडले. आता पिशवीला बेल्ट लावते. पुढच्या गाडीचा लाल दिवा लागला की मी मोजते. मोजायचं नसतं, तरी मोजते. डाव्या बाजूला शांतता असते आणि मला ती बघवत नाही, म्हणून गाडी उभी असली की मी त्या दाराकडनं जात नाही, वळसा घालून जाते. त्या सीटकडे मी अजून नीट बघितलेलं नाही.

वहिनींनी बघितलं. काल त्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. त्या पुढे बसायला गेल्या, दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मग वाकून सीटच्या खालनं काहीतरी काढलं. तुझ्या चपला. हॉस्पिटलनं दिलेल्या पिशवीत घड्याळ होतं, चष्मा होता, पाकीट होतं, चपलांची कुणालाच आठवण झाली नव्हती. मला वाटलं तिथंच कुठंतरी राहिल्या.

'कशा हुत्या म्हाईत हाय?' वहिनी म्हणाल्या. 'शेजारी शेजारी लावून ठेवलेल्या. खाटंखाली ठेवत हुते तशा.'

 वहिनी चपला पदरानं पुसत होत्या.

'मंगल, ह्यो माणूस रागात असला की घरात सुदीक चपला काढत न्हवता. खुर्चीवर चपला घालून बसायचा, कवाबी उठून भायेर जाईन म्हणून. तीस वर्सं बघितलंय मी. चपला काढल्या म्हंजे राग गेलता. झोप आलती त्यांला.' मग म्हणाल्या, 'तू काय बोललीस, ह्यांनी काय केलं, मला कायबी सांगू नको.'

मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. त्यांना कसं कळलं, तुझ्या बायकोलाच ठाऊक.

वहिनींचं मी खरं धरते. तीस वर्षं तुला बघितलेल्या माणसाचं खरं धरायलाच हवं. राग गेला होता तर मग अलीकडे की पलीकडे याला काही अर्थ उरत नाही, हे मलाही कळतं. काल रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

पण सकाळी उठले आणि दुसरंच डोक्यात आलं. त्या चपला पायानं ढकलून काढलेल्या नव्हत्या. हातानं लावलेल्या होत्या. म्हणजे तू बेल्ट सैल करत पुढे वाकलास, एक काढलीस, दुसरी काढलीस, दोन्ही सरळ केल्यास आणि परत मागे टेकलास. तुझ्या वयाच्या माणसाला याला वेळ लागतो. वाकलेला माणूस उठताना शेजारच्याकडे बघतोच, अण्णा. तू बघितलं असशील. कदाचित काहीतरी बोलणार असशील. मी उजवीकडच्या आरशात बघत होते.